उलटे शिक्के

विसरभोळ्या नातवा,

आजी कोण, हे आठवायला सवड काढ. कॉलेजच्या ग्रंथालयात झाडू मारते, तीच मी. दहा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं परवा रद्दीत गेली. तू लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक तेवढं राहिलं, कारण त्याच्या मागच्या कागदावर दरवर्षी तारखेचा शिक्का मीच मारत आले. वाचता येत नाही, पण पाठीवरचा तुझा फोटो ओळखते.

हे लिहून घेणाऱ्या ग्रंथपालबाई इथं थांबल्या. म्हणाल्या, "आजी, सगळे शिक्के उलटे आहेत. मला केव्हाच कळलं होतं. पण हे पत्र गेलं आणि बोभाटा झाला, तर पुस्तक काढावंच लागेल."

म्हटलं, "मग टपालात टाकू नका. लिहून तर पुरं करा."

मऊ केक पाठव, दोघींना पुरेल एवढा.

तुझी आजी