कच्च्या टाक्यांचा कोट

१२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

प्रभूच्या नावात सलाम. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं कोण ऐकतंय. दुकान अजून उघडते. उसवलेली शिलाई, बिघडलेली चेन, एवढीच कामं घेते.

तुम्हाला आठवत असेल, तुमचे दादा संध्याकाळी मशीनवर अर्धं काम ठेवायचे नाहीत. "प्रभू आजच आला तर माणसानं एका बाहीनं सामोरं जायचं का?" म्हणायचे. मी वाचायला शिकले तेही त्यांच्या मापाच्या वहीतून. आधी छाती, कंबर, बाही; मग पवित्र शास्त्र. अजून बोट ठेवूनच वाचते.

त्यांचं एकच काम राहिलं, तुमचा कोट. ट्रायलच्या दिवशी तुम्ही हसून म्हणालात, "दादा, दोन हजार वर्षं झाली. आता कोण येतंय?" त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी बोलले. नको तितकं बोलले. तुम्ही कोट टेबलावर टाकून निघून गेलात. मग टाचण्या काढून हे म्हणाले, "अगं, मी त्याला एवढंच सांगणार होतो, खांदे सरळ ठेव."

शेवटच्या दुखण्यात ते म्हणाले, "धाकट्याला पत्र टाक. ये म्हणावं." दुसऱ्या दिवशी विचारलं, "टाकलंस?" मी हो म्हटलं.

भाऊजी, टाकलं नव्हतं. माझा राग गेला नव्हता. उद्या लिहू, उद्या लिहू करत नऊ दिवस गेले. जिन्यात पाऊल वाजलं की ते मान वळवायचे. माती झाल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "दादानं एकदा तरी बोलवायचं होतं." तेव्हाही मी गप्प बसले.

प्रभू येईल, मेलेले उठतील, यावर माझा विश्वास आहे. यांचा चेहरा पुन्हा दिसेल, या एका आशेवर तर दिवस निघतात. प्रभूला माझं खोटं ठाऊकच आहे, त्याच्यापुढे रडता येईल. पण हे उठल्या उठल्या विचारतील, "धाकटा आला होता का गं?" त्यांना काय सांगू?

कोट तसाच टांगलेला आहे. तुम्ही येईपर्यंत कच्चे टाके काढू नको, असं हे म्हणाले होते. ट्रायलला या. रागवायचं तर इथं येऊन रागवा. पक्की शिलाई मी घालीन. पोट सुटलं असलं तरी चालेल, त्यांनी शिवणीत दोन इंच कापड जास्त सोडलंय.

दादांनी सांगितलेलं पत्र तीन वर्षं उशिरा टाकणारी,
तुमची वहिनी