मालकाची सही

काल्हेर,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय ललिताताईस,

पूर्वाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला. बाबांचे डोळे तसेच आहेत, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना शेतावरची कामं आठवतात. तुझ्या डब्यातली आजची भरली वांगी ऑफिसातल्या चौघांनी खाल्ली, त्यामुळे माझ्या वाट्याला एकच आलं.

रिकाम्या डब्यात चिठ्ठी बघून हसू नकोस. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि मी बोललेलं तुझ्या हाताखालच्या बायका मला आठवडाभर ऐकवतात. डबा धुऊन, पुसून, नीट कोरडा करून मगच कागद ठेवला आहे.

काम आपल्या गाडीचं आहे. आपल्या म्हणजे तुझ्या. बाबांकडून तू ती घेतलीस त्याला दोन वर्षं झाली, तरी ‘आपली’ म्हणायची सवय जात नाही. ती बनली त्या वर्षीच्या काही गाड्यांच्या स्टिअरिंगमधली एअरबॅग कंपनी फुकट बदलून देते आहे. शोरूमवाले याला रिकॉल म्हणतात. मेसेज बाबांच्या फोनवर आला. कंपनीकडे जुनाच नंबर राहिला असणार. किरकोळ काम आहे, पण फुकट होतंय तर करून घ्यावं.

तुला त्रास नको म्हणून मी आधी एकटीच तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा काउंटरवरच्या हेमाली मॅडमनी नंबर टाकून सांगितलं, तुमच्या गाडीला रिकॉल नाही. मी बाहेर बसस्टॉपवर येते तोच, बरोबर आणलेल्या बाबांच्या फोनवर मेसेज: आपल्या गाडीचा रिकॉल बाकी आहे, त्वरित संपर्क साधा. परत आत गेले. त्या म्हणाल्या, मेसेज मुंबईहून जातो, आमचा संबंध नाही. दुसऱ्यांदा गेले तर त्या जेवायला गेल्या होत्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्डही त्यांच्याबरोबर जेवायला गेला होता. तिसऱ्यांदा हे बोलणं झालं:

“मॅडम, गाडी कुठंय?”

“गाडी बहिणीकडे आहे. मी आधी चौकशीला आलेय.”

“गाडी बघितल्याशिवाय पार्ट मागवता येत नाही.”

“मग गाडी आणली की बदलाल?”

“पार्ट आल्याशिवाय कसा बदलणार?”

“म्हणजे आधी गाडी आणायची का आधी पार्ट येणार?”

त्या खरोखर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही कॉल सेंटरला विचारा ना.”

कॉल सेंटरवर बावीस मिनिटं बासरी ऐकली. शेवटी बुधवार १९ तारखेची वेळ मिळाली. तेव्हा एक दिवस गाडी दे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मला चालवता येत नाही, पण भूपेशदादाला विनंती करीन, त्याचा टेम्पो बुधवारी बंद असतो. तू यायची काहीच गरज नाही. करिष्माला सांग, मावशीला तुझं गणिताचं पुस्तक मिळालंय.

तुझी,
पूर्वा


काल्हेर,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

प्रिय ललिताताईस,

नमस्कार. कालही आणि आजही डब्यात लोणचं नव्हतं. मी समजले.

तुझं रागावणं बरोबर आहे. तू यायची गरज नाही असं मी चारदा सांगितलं होतं. तरी आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देणार नाही म्हणून तू स्वतः चालवत आलीस, करिष्माला पुढच्या सीटवर बसवून, मानकोलीचे डबे साडेनऊलाच पोचवून. गोडाऊनवाल्यांनी साडेनऊला जेवायचं कसं, हा त्यांचा सवाल मला काल आमच्या ऑफिसपर्यंत ऐकू आला. आणि मिळालं काय? सहा तास सोफा, मशीनची कॉफी आणि भिंतीवर हसणारं एक कुटुंब. दुपारी अडीचला तू म्हणालीस, “फुकाट हाय म्हनतीस, न् माझा दिवस काय फुकाट हाय?” तेव्हा समोरच्या बाकावरचे काका हसले. त्यांची ती चौथी खेप होती. पहिल्या खेपेला त्यांना उजवीकडचा पार्ट हवा असताना डावीकडचा आला होता.

चार वाजता गाडी मिळाली. एअरबॅग तीच. पार्ट आलाच नव्हता, पण गाडी मात्र चकाचक धुतलेली. तुझी सीटखालची फडकीसुद्धा घडी करून ठेवलेली. आणि आता हे वाच, काल सकाळी बाबांच्या फोनवर आलेलं: “आपले काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?” मी एक तारा दिला. लगेच फोन आला की मॅडम, एक तारा दिला तर आमचा पगार कापतात. मी सांगितलं, मग एअरबॅग बदला. तो म्हणाला, ते आमच्या डिपार्टमेंटला येत नाही. मला त्याची दया आली आणि मी तीन केले. नंतर त्याचाच राग आला.

आता काउंटरवरचं. हेमाली मॅडमनी विचारलं, मालक कोण? तू म्हणालीस, मी. त्यांनी स्क्रीनवरचं बाबांचं नाव वाचलं, “इथे तर लडकू नाव आहे. मालकाची सही लागेल.” मी मध्येच बोलले की सिस्टीम जुनी आहे. तू माझ्याकडे बघितलंस. परतताना मानकोली नाक्यावर तू विचारलंस, “येवढा किरकोळ काम हाय तं तू येवढी घामाघूम का?”

मी म्हटलं, उकडतंय.

ताई, नोव्हेंबर आहे आणि तुझ्या गाडीचा एसी चांगला चालतो.

याहून जास्त आज लिहिता येत नाही. फोन उचल. निदान एवढं कर, करिष्माला पुढे बसवू नकोस आणि तूही लागेल तेवढीच गाडी काढ. का ते सांगते. मानकोलीचे डबे चार दिवस भूपेशदादाच्या टेम्पोने गेले तर चालणार नाही का?

तुझी,
पूर्वा


शेलार,
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ललिताताईस,

हे पत्र डब्यातून पाठवत नाही, कारण डबा त्याच गाडीतून येतो आणि त्याच गाडीतून जातो. भूपेशदादा घेऊन येतोय. तो दारात उभा असेल तर त्याला आत बसव, चहा दे आणि हे सगळं वाचून होईपर्यंत त्याला जाऊ देऊ नकोस.

तुला आठवडाभर फोन केले. तू उचलले नाहीस. एका अर्थी मला बरं वाटत होतं, म्हणजे मी किती खाली गेले होते बघ. स्वतः का आले नाही, हेही सांगते. तुझ्यासमोर उभी राहिले की मी पुन्हा ‘किरकोळ’ म्हणेन. कागदावर तसं लिहिलं तर खोडता येतं.

गाडी अजून तुझ्या नावावर नाही.

दोन वर्षांपूर्वी नाव बदलायचे कागद बाबांनी माझ्याकडे दिले. घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यापुढेच येतो, सातबारा असो, लाइटचं बिल असो की लग्नाची पत्रिका. “पूर्वा वाचंल.” मी फॉर्म भरला. बाबांनी सही केली. तुला माहीत आहे, बाबा सही करत नाहीत, काढतात, चित्र काढावं तशी, आणि प्रत्येक वेळी चित्र वेगळं होतं. जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. एवढंच होतं. बाबांना घेऊन पुन्हा जायचं, एवढंच. पण त्या आठवड्यात दिवाळी होती, तुम्ही सगळे जेवायला होतात आणि मोठ्या काकीने विचारलं, “झाला का गं ललिताच्या नावावर?” मी म्हटलं, झालं. का म्हटलं? घरात पहिली शिकलेली मी, आणि माझा फॉर्म परत आलाय हे मला त्या पंगतीत सांगवेना. तू दुसऱ्या दिवशी गाडीपुढे नारळ फोडलास. नंतर गाडीचं नोंदणी कार्ड मागितलंस तेव्हा सांगितलं, पोस्टाने येतं, वेळ लागतो, तोवर जुनं ठेव. परत आलेला फॉर्म माझ्या कपड्यांखाली आहे.

आता दुसरं, आणि हे जास्त वाईट आहे.

एअरबॅगचा पहिला मेसेज या महिन्यात आला नाही. तो गेल्या वर्षी जूनमध्ये आला. इंग्रजीत होता. बाबांनी फोन पुढे केला, “काय लिवलाय?” मी वाचलं. नीट, पूर्ण वाचलं आणि समजलंही. त्यात लिहिलं होतं की जोरात धडक बसली तर त्या एअरबॅगमधला गॅसचा डबा फुटून धातूचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात. शेवटची ओळ होती, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये. मी बाबांना सांगितलं, जाहिरात आहे.

कारण शोरूमला मालकाची सही लागणार होती. मालक म्हणजे बाबा. बाबांना नेलं की मालक अजून बाबाच आहेत हे बाहेर येणार होतं. बाबांवाचून, कागदावाचून, कुणाला न कळता काम होईल अशी फट मी दीड वर्ष शोधत होते. शोरूमला मी तीनदा नाही, अकरा वेळा गेले. तिथल्या वॉचमनला माझं नाव पाठ आहे.

ताई, माझाही डबा त्याच गाडीतून यायचा. रोज साडेबाराला तो टेबलावर आला की मला कळायचं, आज तू पोचलीस. उशीर झाला की मी गोडाऊनच्या गेटपर्यंत जायची. लोकांना वाटायचं हिला भूक लागलीय.

बुधवारी हेमाली मॅडमचा फोन आला. पार्ट आला आहे, आठ दिवस ठेवू, मग दुसऱ्या गाडीला जाईल, मालकाला घेऊन या. त्या दिवशी रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. आई तर ताट सोडून उठलीच. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, “म्हंजे सही माझी चुकली.”

मी म्हटलं, नाही बाबा, चूक माझी.

“न्हाय गं. मना आधी सांगाचा व्हता. शंभरदा काढली असती.”

तेव्हापासून ते रोज सकाळी ओटीवर बसून करिष्माच्या जुन्या वहीत सही काढतात. माझ्याकडून नमुना घ्यायला तयार नाहीत. जुनी सही असलेल्या कागदाची झेरॉक्स समोर ठेवतात. काल मी चहा द्यायला गेले तेव्हा त्यांनी वही झाकली. मला तू ओरडलेलं चालेल, आई बोलत नाही तेही चालेल. पण ती वही मला बघवत नाही.

आता काय करायचं ते लिहिते. गाडी आजपासून काढायची नाही. मानकोलीलाच काय, दुकानापर्यंतही नाही. सोमवारी सकाळी दहाला शोरूमची वेळ आहे. गाडी ओढून न्यायला त्यांचीच व्हॅन येईल. ती मिळवायला काल मी पाऊण तास भांडले. मी विचारलं, “तुमच्याच मेसेजमध्ये चालवू नये लिहिलंय, मग मी ती चालवत कशी आणू?” हेमाली मॅडम म्हणाल्या, “हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.” मी म्हटलं, आता विचारलंय, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

बाबा तुझ्याकडे सोमवारी आठ वाजता येतील आणि व्हॅनबरोबर जातील. तिथून दुपारी, डबे पोचवून झाले की, आम्ही दोघं नाव बदलायच्या ऑफिसात जाऊ. सही जुळली नाही तर पुन्हा जाऊ. मी आठ दिवस रजा टाकली आहे. डबे भूपेशदादाच्या टेम्पोने जातील, उचलायला आणि पोचवायला मी असेन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी टेम्पोतच बसेन, बायका डबे बाहेर आणून देतील.

तुला हवं ते बोल. सगळ्यांसमोर बोल, स्पीकरवर बोल. तुझ्या नावाचं कार्ड नसताना दोन वर्षं तू जी गाडी चालवलीस, तिचा कुठे अपघात झाला असता तर कागदावर तू कोणीच नव्हतीस, हेही मला आता सुचतंय, आणि हेही तूच वाचते आहेस. माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होतं, म्हणून खोडलं.

रागाव. पण चावी आत्ता भूपेशदादाच्या हातात दे. तो चावी घेऊन आला की मी जेवेन.

सगळं वाचूनही गप्प बसलेली,
पूर्वा