मांडवाचं दुसरं टोक

८ ऑक्टोबर २००१, सोमवार

आले एकदाची नाशिकला! इंदिरानगरात खोली मिळाली, तीही गॅलरीसकट. घरमालकीण साळूबाई बोलायला फटकळ आहे, पण पहिल्याच संध्याकाळी तिने पिठलं-भाकरी आणून ठेवली, तेव्हा तिला सगळं माफ. गॅलरीतून डोंगर दिसतो. भागीला तो दाखवायचाय. माझी भाग्यश्री सहा वर्षांची आहे आणि देवळ्याला योगेशदादाकडे राहतेय. पोटची पोर भावजयीच्या दारात ठेवून आले, हे लिहितानाही डोकं सणकतं. तिचा बाप, ज्ञानेश, दुसरा संसार थाटून बसलाय. त्याचं काय अडलंय?

असो. नोकरी चांगली आहे. खत कंपनीची, शेतकऱ्यांची माती तपासून देणारी फिरती गाडी आहे, मॅटाडोर, आणि ती मीच चालवते. बापाचा ट्रॅक्टर हाकून हात तयार झालाय. दिवाळीनंतर मला कायम करतील. केलं, की भागी माझ्याजवळ. एवढ्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप.

९ ऑक्टोबर, मंगळवार

एकलहऱ्याच्या रस्त्याला जागा दिलीय. वीज केंद्राच्या चिमण्या समोर, मागे पडीक रान, बाजूला गोजराबाईचा झेंडूचा मळा. राखेचे ट्रक सारखे ये-जा करतात.

गाडीच्या टपाला बाजूने एक लांब पेटी ठोकलीय. तिच्यात कापडाची गुंडाळी. ती ओढून बाहेर काढायची, की गाडीला सावली. माती तपासताना नळीत येणारा रंग उन्हात कळत नाही, म्हणून ही सोय. मॅनेजर यादवसाहेब त्याला ऑनिंग म्हणतात, शेतकरी सरळ मांडव म्हणतात. गोजराबाईने विचारलं, बाई, तुमच्या गाडीला मांडव फुटला काय, लगीन कुणाचं हाय? मला हसू आलं.

पण उभारताना हसू पळालं. पुढच्या दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक पाय, दांडीतच दुमडलेला. डावा पाय उघडून जमिनीला टेकवला, की उजवं टोक खाली जातं. तिकडे धावले, की डावा पाय घसरतो. साहेबांना फोन केला. म्हणाले, हे परदेशी आहे, एका माणसाने उभं राहतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! एकटीने उभारून दाखवा, तेवढ्यावर तर तुमची नेमणूक, हेही वर ऐकवलं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

जमलं. दोन्ही पाय आधी अर्धेच उघडायचे. मग डावा थोडा वर, उजवा थोडा वर, पुन्हा डावा. शेवटी दोऱ्या ताणून खुंट्या ठोकायच्या. आपला हात जगन्नाथ! वाऱ्याने दोनदा तोंडावर आपटलं, ओठ फुटला, तरी सोडलं नाही. शेतकरी बांधावर बसून मजा बघत होते. एकही मायेचा पूत उठला नाही. बाई गाडी चालवते तर मांडवही घालू दे, असं म्हणत असतील.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज फार चिडले होते. सकाळीच सुवर्णावहिनीचा फोन. भागी रात्री रडते, आमची झोप होत नाही, असं लागट बोलली. त्यात वारा सुटलेला. डावा पाय टेकवला आणि उजवं टोक जायला लागलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी सगळ्या जगावर ओरडले: अरे धर की! कोणीतरी धर!

आणि टोक थांबलं.

हवेतच. पाय दांडीत दुमडलेला, खाली आधार नाही, आणि कापड ताठ. वाऱ्याने तोललं असेल म्हणत मी तिकडे जाऊन पाय उघडला.

रात्री जेवताना आठवलं. आमच्या घरी कांद्यावर ताडपत्री टाकताना बाबा कधी नुसतं ‘धर’ म्हणत नसत. ताडपत्री धर, दोरी धर. रानात नुसतं धर म्हणायचं नाही, काय धरायचं ते नाव घेऊन सांगायचं. नाहीतर ज्याला ऐकू जाईल तो वाटेल ते धरतो. आम्ही पोरं त्यावर खूप हसायचो.

२२ ऑक्टोबर, सोमवार

खोटं कशाला लिहू? चार दिवस मी तसंच करतेय. ‘धर’ म्हणते, टोक थांबतं, मी निवांत पाय लावते. भीती वाटते, पण भीतीपेक्षा राग मोठा आहे. जिवंत माणसं बांधावर बसून दात काढतात आणि मदतीला येतं हे! तर येऊ दे की. फुकटचा गडी कोणाला नको?

आज गोजराबाईने बघितलं. फुलांची पाटी डोक्यावर होती. पाय न लावलेलं टोक बघून तिने विचारलं, बाई, त्या अंगाला कोन हाय? मी म्हटलं, कोणी नाही. मग धर कुणाला म्हनली? मी दोरी ताणत राहिले. पाटी तिथेच टाकून ती मळ्यात पळाली. दसऱ्याची फुलं मातीत. ती उचलायलाही परत आली नाही.

२९ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी मांडव गुंडाळता येईना. दोन्ही पाय काढले, खुंट्या उपटल्या, तरी उजवं टोक वरच. मी लोंबकळले, तरी हललं नाही. शेवटी रडकुंडीला येऊन ‘सोड’ म्हटलं. लगेच सुटलं.

म्हणजे ऐकतं. पण सांगेपर्यंत सोडत नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

आता मांडवच नाही. गाडीचं दार धरून ठेवतं. शुक्रवारी ओढणी. परवा मनगट. चार बोटांचे वळ उठलेत आणि अंगठा असायला हवा तिथे पाचवा वळ, तोही लांब बोटाचाच.

साहेबांकडे गेले. भुताचं बोलले नाही, एवढी अक्कल आहे. नुसतं म्हटलं, मदतनीस द्या, नाहीतर जागा बदला. हसून म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या, दिवाळीनंतर दुसरं कोणी बघू. त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेला फेकून मारावा वाटला. गप्प परत आले. भागीसाठी गप्प बसले. नाहीतर मी गप्प बसणारी बाई नव्हे.

१७ नोव्हेंबर, शनिवार

भाऊबीजेला दादा आला आणि भागीला इथे सोडूनच गेला. वहिनी आता ठेवायला तयार नाही. साहेबांनी कायमचं पत्र सोमवारी देतो म्हटलंय. साळूबाई गावाला गेलीय. भागीला खोलीत एकटी कशी ठेवू? उद्या रविवार असून गाडी लावायचीच आहे. तिला बरोबर न्यावं लागणार.

ट्रकांचा रस्ता आहे, म्हणून आज तिला दहादा घोकून घेतलं: माझा हात धरायचा, मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही. शहाणी आहे, मान डोलावली. उद्या मी ‘धर’ म्हणणारच नाही. दोन्ही पाय अर्धे-अर्धे. आपली आपण.

१८ नोव्हेंबर, रविवार

लिहिते. पोलीस लिहा म्हणाले, म्हणून नाही. लिहिलं नाही तर मी त्या रानाला काडी लावीन.

‘धर’ म्हटलं नाही. देवाशपथ नाही. दोन्ही पाय नीट लावले. दुपारपर्यंत माती तपासली. भागी गाडीत खेळली. मग पाणी आणायला म्हणून तिचा हात धरून मांडवाखालून निघाले. मधेच ती थांबली. मी ओढलं. येईना. बघते तर तिचा दुसरा हात वर, हवेत, कोणीतरी धरल्यासारखा.

आई, हे काका सोडत नाहीत, म्हणाली. हसत. ती हसत होती.

मी ओढलं. तिकडूनही ओढलं. तिचा खांदा — ती कळवळली. माझ्या डोक्यात आग गेली. मी ओरडले, सोड! सोड म्हणते ना! सोड!

नाव घेतलं नाही. काय सोडायचं ते —

त्याने मांडव सोडला. पाय लावलेले होते तरी सगळा खाली आला, आमच्या अंगावर.

आणि भागीने माझा हात सोडला. मी सोड म्हणाले ना.

कापड उचललं. खाली कोणी नव्हतं.

१९ नोव्हेंबर

रानभर माणसं. विहीर बघितली. दादाने मला शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या. ट्रकवाल्यांना पकडून विचारतायत. मूर्ख. साहेब येऊन गेले. गाडी परत न्यायला! मी त्यांना चावले. चावलेच. पळाले.

किल्ली माझ्याकडे. गाडी हलवणार नाही.

२० नोव्हेंबर, दुपार

सगळे जेवायला गेले. मांडव बाहेर ओढला. पाय उघडले नाहीत. या वेळी नाव घेऊन, स्पष्ट — मांडव धर.

डावं टोक वर गेलं. माझ्या डोक्याच्याही वर.

मग उजवं. थोडंसंच. माझ्या छातीइतकं. तिथेच थांबलं.

तिचा हात तेवढाच पोचतो.

मी धावले. हात फिरवला. कोणी नाही, काही नाही, नुसतं कापड. भागी म्हटलं. दांडी हलली. हो म्हटल्यासारखी.

गाडीच्या पायरीवर बसून लिहितेय. टोक थरथरतंय. जड आहे ते, मलाच झेपत नाही, तिचा हात भरून आला असेल. तरी सोडणार नाही. सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, मीच —

आणि सांगितलं तर ती सोडेल. लगेच सोडेल. मग मी तिला कुठे शोध—

टोक खाली येतंय. भागी, नको, धर, बाळा, धर घट्ट, मी आले, मी