खडकावरच्या चळती

टोरी, युटा
१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय जॅनील,

आम्ही दोघं बरे आहोत. यंदा पीच गोड निघाले. बरण्या भरून झाल्या, तुझ्या वेगळ्या ठेवल्यात.

शनिवारी दिवसभर नॅशनल पार्कात जाऊन आलो. तुझ्या बाबांनी रेंजरची जुनी टोपी चढवली आणि तांबड्या कमानीपर्यंत जायचंच म्हणून हटून बसले. मी सँडविच बांधून घेतले. ज्यानं जन्मभर लोकांना वाट दाखवली, त्याच्याबरोबर जायला कसली भीती, असं स्वतःला बजावलं.

त्या उघड्या खडकावर पायवाट उमटत नाही, वाटेच्या खुणेला रचलेल्या दगडांच्या चळती बघत चालायचं, हे तुला माहीतच आहे. हौशी मंडळी गंमत म्हणून भलतीकडेच चळती रचतात आणि बाबा त्या दिसतील तिथे लाथेनं पाडतात. शनिवारीही पाडायला लागले. यांना घरी खेळायला दगड मिळत नाहीत का, म्हणाले. मी हसले. चार-पाच पाडून झाल्यावर मला वाटलं, या खऱ्या तर नसतील? वाटलं कसलं, कळलंच होतं. त्या बाबांनीच कधीकाळी रचलेल्या. पण ‘व्हर्ल, थांब’ एवढंही मी त्यांना म्हटलं नाही.

परतताना नुसता खडक. फिरून फिरून त्याच सुळक्यापाशी येत होतो. पाणी संपलं. मी खाली बसले आणि रडायला लागले. बाबा समोर वाकले, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, “घाबरू नका, बाई. कुणाबरोबर आला होता तुम्ही?”

“नवऱ्याबरोबर.”

“मग तो शोधतच असेल तुम्हाला. तो येईपर्यंत मी आहे इथं.”

आणि राहिले गं ते. फोनवर नकाशा असलेलं एक जोडपं भेटलं, त्यांनी आम्हाला गाडीपर्यंत आणलं. तोवर बाबांनी माझा हात सोडला नाही.

घरी आल्यावर पार्कच्या ऑफिसात फोन करून चळती पडल्याचं कळवलं. कुणी पाडल्या, विचारलं. मी म्हणाले, ठाऊक नाही.

तुलाही असंच फसवत आलेय. तुझा फोन आला की मी म्हणते, बाबा बागेत आहेत. ते शेजारीच बसलेले असतात. मला विचारतात, कोण बोलतंय? दोन वर्षं झाली याला. तू डॉक्टरांचं काढलंस तेव्हा मी तुझ्यावरच उखडले होते. आता मला एकटीला झेपत नाही.

ये. दारात आलीस की एकदम गळ्यात पडू नकोस. आधी त्यांना तुझं नाव सांग.

वाट बघणारी,
आई