हिरव्या वहीतलं अकरा मार्चचं पान

फेयटव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय रोनेशा,

तुला आडनावाने ‘प्रिडजेन’ म्हणून पुकारायची सवय पंधरा वर्षांत गेली नाही, म्हणून नाव लिहिताना पेन जरा अडखळलं. तू बरी असशील, घरधनीही बरे असतील. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळते आणि बाकीचे दिवस जिथे बोलावतील तिथे भाषणं ठोकते.

माझं पाकीट तू फोडशील की तसंच केरात टाकशील, ठाऊक नाही. फोडलंस तर आधी बातमी वाच. पुरावा सापडला. तुझ्या दुखण्याचा, त्या वेळचा, तारीखवार पुरावा माझ्या टेबलावर आहे आणि शनिवारपासून मी जेवायलाही धड बसलेली नाही.

तुझ्या अर्लीन मावशीवर रागावू नकोस, तिने मला सगळं सांगितलं. तुझ्या दोन्ही गर्भनळ्या बंद आहेत, मूल हवं तर आयव्हीएफशिवाय मार्ग नाही, आणि माजी सैनिकांच्या खात्याने अर्ज फेटाळला, कारण इराकमध्ये तुझं पोट दुखत होतं अशी कागदोपत्री नोंद नाही. सेवेत असताना आजार जडला हे सिद्ध करा, मग उपचार. फेरअर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर.

ती हे बोलली ते टोमण्यासकट. गेल्या शनिवारी मी चर्चमध्ये आमच्या माजी सैनिक बायकांपुढे तासभर गरजले होते. गोऱ्या मुलीने पोट धरलं की तिची तपासणी होते, काळ्या मुलीने धरलं की तिला गोळी देऊन परत पाठवतात. इराकमधल्या दवाखान्याच्या तंबूतला तो डॉक्टर मी भर सभेत उभा केला, ज्याने तुझ्या पोटाला हातही न लावता ‘पाणी कमी पिते’ असं सांगून टाकलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मग आत मासे तळायला गेले, तिथे अर्लीन भाजी निवडत बसली होती.

“छान बोललात, सार्जंटबाई. डॉक्टर नालायक, खातं नालायक. आता माझ्या भाचीसाठी एक ओळ लिहून द्या की.”

“मी काय लिहिणार? मी डॉक्टर आहे का?”

“तुम्ही वहीत खरडत असायचात म्हणे सारखं. ती सांगायची, कोण किती वेळा शिंकलं तेसुद्धा सार्जंटच्या वहीत असतं.”

मी झारा तिथेच ठेवून घरी निघाले. मासे करपले. पाद्रीबाबांनी ते मुकाट खाल्ले असं नंतर कळलं.

गॅरेजमधल्या पत्र्याच्या पेटीत माझ्या सगळ्या हिरव्या वह्या आहेत. २००९ची तळाशी होती, पण होती. रोनेशा, पाच महिन्यांत तुझ्या नावापुढे अकरा नोंदी आहेत. ‘१६ फेब्रु. प्रिडजेन, पोटात कळा.’ ‘२ मार्च. प्रिडजेन ट्रकच्या पायरीवर वाकून बसली, ओकली.’ ‘९ एप्रिल. प्रिडजेन, रक्त फार, उभं राहवत नाही.’ माझंच अक्षर, वाळू अजून पानांत. सैनिकांचे दावे लढवणाऱ्या वकीलबाईंना मी सोमवारी सकाळी आठ वाजता गाठलं. त्या म्हणाल्या, तुकडीच्या सार्जंटची शपथेवरची साक्ष, वर त्याच वेळची वही, हे दोन्ही खात्याला सहजासहजी बाजूला सारता येणार नाही. मी त्यांच्या दारातच एक गिरकी घेतली, गुडघ्यांसकट.

इतकं लिहून थांबता आलं असतं. काल थांबलेही. तो कागद फाडून हा दुसरा लिहायला घेतलाय.

अकरा मार्चच्या पानावर दोन ओळी आहेत, एकाखाली एक. ‘व्होलमर, पोटात कळा. चिठ्ठी दिली, मोठ्या इस्पितळात रवाना.’ ‘प्रिडजेन, पोटात कळा. समज दिली, ताफ्यावर पाठवली.’

माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय तुमच्यातलं कुणी तंबूपर्यंत पोचत नव्हतं. अकरा वेळांपैकी मी ती तुला एकदाच दिली. त्या डॉक्टरने तुला एकदा परत पाठवलं. मी दहा वेळा.

तू म्हणाली होतीस, “सार्जंट, आज खरंच नाही हो ट्रक चालवता येणार.”

“पाणी पी, मोजे बदल. आपल्यातली बाई त्या तंबूत गेली की कामचुकार ठरते. आपल्याला दुप्पट ताठ उभं राहावं लागतं, प्रिडजेन.”

“मग व्होलमर?”

“तिचं वेगळं आहे.”

काय वेगळं होतं, ते मी कधी उच्चारलं नाही. त्या गोऱ्या मुलीच्या दुखण्यावर माझा विश्वास बसला. तुझ्या नाही बसला. कर्स्टन व्होलमरच्या पोटातला आजार जर्मनीतल्या शस्त्रक्रियेत सापडला, तिला दोन मुलगे आहेत, दर नाताळला त्यांचा फोटो येतो. तुझा तोच आजार आठ वर्षांनी सापडला, तोवर नळ्या गेल्या होत्या.

माझं गर्भाशय तेहतिसाव्या वर्षी काढलं. दुसरा उपाय असतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सही केली आणि अकराव्या दिवशी कवायतीला उभी राहिले. याचा मला अभिमान वाटायचा. तोच अभिमान मी तुझ्यावर लादला. ही सबब नव्हे. पुस्तकं ढिगाने वाचली, व्यासपीठं गाजवली, आणि हे कळायला स्वतःची वही उघडावी लागली.

वकीलबाई म्हणाल्या, “व्होलमरची ओळ गाळली तरी चालेल. त्यात तुमचीच शोभा होते.”

मी म्हटलं, “बाई, तीच तर साक्ष आहे. नोंद का नाही, असं खातं विचारतंय ना? नोंद माझ्यामुळे नाही.” व्होलमरला फोन केला. ती म्हणाली, माझं नाव घाला आणि मीही लिहून देते.

सोबत माझी शपथेवरची साक्ष आहे, चार पानं, आणि अकराही नोंदींच्या प्रती. दावा तुझा आहे, तुझ्या हाताशिवाय तो कुठेच जाणार नाही. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, त्याचा आणि या कागदांचा संबंध लावू नकोस. मुदतीला तेवीस दिवस आहेत आणि तू अडतीस वर्षांची आहेस. मला उत्तर लिहीत बसू नकोस, तो वेळ अर्जाला दे.

त्यांनी साक्षीला बोलावलं तर येईन. भाषण करणार नाही. विचारतील, हिला डॉक्टरकडे का पाठवलं नाहीत? सांगेन, हिला दुखतंय हे मी खरं मानलं नाही. एवढंच बोलून खाली बसेन.

तुला दुखत होतं, असं सही करून सांगणारी,
ओडेसा मॅकीथन