गाडीचं नाक

३ सप्टेंबर, सकाळी
ही वही कपाटात, कुलपात. किल्ली माझ्याकडे. दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते शोधायचं आहे.

काल चहाच्या टपरीवर गॉगल कोणाला तरी सांगत होता. गॉगल म्हणजे पलीकडच्या गल्लीतला शटरवाला. सावलीतही गॉगल लावून वेल्डिंग बघत बसतो. म्हणत होता, त्यांची पिकअप बघा, पुढून वाकलेली, सगळ्यांना नमस्कार घालत चाललीये. मी पाठमोरा होतो, पण आपले कान तिखट. एका ड्रिल मशीनवर शटरचा धंदा उभा केला तो याच कानांच्या जोरावर. लोक हसले. मीही हसलो. आणि ध्यानात ठेवलं.

घरी येऊन गाडी बाजूने पाहिली. खरंच नाक खाली आहे. इतकी वर्षं कोणी बोललं नाही. का नाही बोललं?

३ सप्टेंबर, दुपारी
मेहुण्याला विचारलं. बायकोचा धाकटा भाऊ. गाडी तोच चालवतो, साइटवर शटर तोच बसवतो. म्हणाला, दाजी, पिकअप अशीच येते हो. मागे माल भरला की मागून बसते आणि सरळ होते.

हसत म्हणाला. गाडी सरळ होऊ नये असं याला का वाटावं?

६ सप्टेंबर
मेहुण्याला घेऊन टायरवाल्याकडे जाऊन आलो. इलाज आहे. लेव्हलिंग किट. पुढच्या सस्पेन्शनमध्ये दोन जाड ठोकळे बसवायचे, नाक वर येतं. सोबत मोठे टायर. नुसतं किट घेतलं तर अर्धवट दिसतं, असं तोच म्हणाला. माणूस बरा वाटला.

पण मग बडबड सुरू केली. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला ते कळत नाही, मीटर किलोमीटर कमी दाखवणार, लक्षात ठेवा. मी मान डोलावली. दुकानदार बोलायला लागला की काहीही बोलतो. मी स्वतः दुकानदार आहे.

९ सप्टेंबर
गाडी आली! काय उभी आहे! आत बसलं की इतरांच्या गाड्यांची टपं दिसतात. गॉगलच्या दारावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने गॉगल काढून पाहिलं. जळला.

बायकोने गाडीभोवती चक्कर मारली. दाराच्या खालच्या कडेवर हात ठेवला, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. म्हणाली, छान आहे हो. ‘हो’ जरा लांबला.

मेहुणा म्हणाला, वळताना टायर आत घासतोय. मला तर काही ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू येत नाही ते नसतंच.

१२ सप्टेंबर, गुरुवार
दर गुरुवारी ही गुडघ्याच्या व्यायामाला डॉक्टरीणबाईंकडे जाते. मेहुणा गाडीतून सोडतो. आज म्हणाली, नाही जात, आता बरं वाटतंय. बघा. गाडी बदलून चार दिवस नाही झाले. मोठ्या टायरवर गचके बसत नाहीत, त्याचाच गुण असणार. डॉक्टरीणबाईंना हे कोणी सांगणार नाही, त्यांचा धंदा आहे.

१४ सप्टेंबर
गाडीत पुढच्या सीटखाली प्लास्टिकचं स्टूल सापडलं. लाल, एक पाय मुडपलेला. आपलंच, मोरीतलं. गाडीत सीट असताना स्टूल कशाला? कोण तिसरा माणूस फिरतोय माझ्या गाडीतून?

विचारलं तर मेहुणा आणि ही एकमेकांकडे बघायला लागले. ही म्हणाली, असू द्या, राहिलं असेल. मोरीतलं स्टूल गाडीत कसं राहील?

१७ सप्टेंबर
कुठेतरी पाणी मुरतंय. टाकी भरली, किलोमीटर पाहिले. पूर्वी टाकीत जेवढी पळायची त्याहून बरीच कमी पळाली आहे. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

डिझेल जातंय कुठे? नावं घेत नाही. गाडी चालवणारा एकच आहे.

आजपासून कोणाला काही दाखवायचं नाही. हसतमुख राहायचं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
आज डिझेलवर नजर ठेवायला गाडी स्वतः नेली. उंचीचा फायदा पहा. बसस्टॉपवर ही आणि तिचा भाऊ, लांबूनच दिसले. सकाळी मला म्हणाली होती, शेजारी जाते, लोणच्याची बरणी परत करायची आहे. हातात बरणी नव्हती. त्याने तिचा दंड धरला होता. गाडी बघताच दोघांनी पाठ फिरवली आणि बसचं वेळापत्रक वाचायला लागले. फळ्यावरचं वेळापत्रक केव्हाच पुसलं गेलंय.

मी हॉर्न वाजवला नाही. हसतमुख राहिलो.

२१ सप्टेंबर
आता सगळं उघड झालं. ओळीने लिहितो.

सकाळी मेहुणा अंगणात टेप घेऊन. गाडीच्या दारापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. मग मध्येच आडवा हात धरून हिला विचारलं, एवढ्यावर चालेल का? हिने पाय उचलून बघितला, म्हणाली, आणखी जरा खाली. मी आलो तशी टेप खटकन आत.

दुपारी गॉगलच्या वर्कशॉपवरून जाताना आत मेहुणा. माझा मेहुणा! गॉगलच्या पाइप वाकवायच्या मशीनपाशी. दोघं खांद्याला खांदा लावून.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून कुजबुज. शब्दन् शब्द ऐकला. तो म्हणाला, ताई, दाजींना आत्ता सांगू नकोस, आधीच कळलं तर त्यात खुसपट काढतील, तयार झालं की दाखवू. ही म्हणाली, त्यांना वाईट वाटेल रे, किती हौसेने केलंय.

म्हणजे हा गॉगलशी भागीदारी करतोय. माझ्या डिझेलवर. आणि माझ्या वाईट वाटण्याची चर्चा माझ्याच स्वयंपाकघरात.

याला मी शटर शिकवलं. स्प्रिंगला ताण कसा द्यायचा ते हातात हात धरून शिकवलं. हा गेला तर साइटवर कोण जाणार, हा प्रश्न नाही. तसा तोही आहे.

२३ सप्टेंबर
बोललो. शांतपणे. डिझेल, मीटर, स्टूल, गॉगल, सगळं मांडलं. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, दाजी, ताईला काही विचारलंत का? मी म्हटलं, ताईचा काय संबंध? तो म्हणाला, बरं. जुडग्यातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, चपला घातल्या, गेला.

चोर असता तर भांडला असता. म्हणजे पक्का आहे.

हिने गरम पोळ्या वाढल्या. एरवी सांगते, अजून एक घ्या. आज नाही सांगितलं.

२५ सप्टेंबर, सकाळी
नव्या इमारतीच्या तळघरात तीन शटरं पोचवायची आहेत. पट्ट्या, दांडे, स्प्रिंग, सगळं हौद्यात. मी एकटा नेणार. कोणावाचून काही अडत नाही, हे एकदा दिसलंच पाहिजे.

माल भरल्यावर गाडीचं नाक आणखी वर गेलं. आता आभाळाकडे बघतेय. रुबाबदार.

२५ सप्टेंबर, दुपारी
तळघरात बसून लिहितोय.

येताना आभाळ भरून आलं म्हणून दिवे लावले, तर समोरचे गाडीवाले उलटे दिवे मारत होते. गाडी बघून असणार. तळघराच्या उतारावर वर एक आडवा बीम आहे. वॉचमन म्हणाला, साहेब, मावेल का? मी उतरून अंदाज घेतला. मागचं शिडीचं कॅरियर आणि बीम यांत दोन बोटं जागा. त्याला सांगितलं, चाळीस वर्षं मापं घेतोय. अलगद आत आणली. त्याने कौतुकाने पाहिलं.

माल उतरवला. मजूर गेले. गाडी वळवली, निघालो. ठक्‌.

कॅरियर बीमला लागलं. आत येताना जागा होती, जाताना नाही. वॉचमनला विचारलं, मधल्या वेळात बीमला कोणी काही केलं का? तो म्हणाला, साहेब, माल उतरल्यावर गाडी मागून उठली. मला आधी पटलं नाही. पुन्हा मोजलं. उठली आहे.

कॅरियर कापता येत नाही. वेल्डिंग माझं आहे, ते सुटत नाही. वॉचमन म्हणतो टायरची हवा काढा. नव्या टायरची? शक्य नाही.

घरी सहज फोन केला. पोळ्या झाल्या का, विचारलं. ही म्हणाली, कुठे अडकलात?

२५ सप्टेंबर, संध्याकाळी
आले. गॉगलच्या पिकअपमधून आले. गॉगल चालवत होता, मध्ये ही, कडेला मेहुणा, मागे गॉगलची चार माणसं. मी काही बोलायच्या आत मेहुण्याने मागून एक वाकवलेला पाइप काढला. दोन पट्ट्या, चार बोल्ट, वर पायरी. बसला गाडीखाली, बोल्ट आवळले. हिने पायरीवर पाय ठेवला, दाराची मूठ धरली, आणि चढली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग मला म्हणाली, स्टुलावरून घसरले होते मी, तुम्हाला कळलं नाही. बसने जातेय तेव्हापासून.

गॉगल म्हणाला, आमचं मशीन वापरलं म्हणून बिल नाही हं. मोठ्याने म्हणाला.

मेहुण्याने टायरची हवा काढली. मी बघितलं नाही, आवाज ऐकला. मग गॉगलची माणसं, वॉचमन, गॉगल, सगळे हौद्यात बसले. तरी बोटभर कमी. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्हीही बसा मागे. मी म्हटलं, मग चालवणार कोण? तो माझ्या खिशाकडे बघत राहिला. किल्ली दिली. देताना म्हणालो, ते डिझेलचं... तो म्हणाला, टायरवाल्याने सांगितलं होतं ना तुम्हाला? माझ्यासमोर सांगितलं होतं. बसा लवकर.

बसलो. गॉगलच्या शेजारी. बीम डोक्यावरून कागदाइतक्या फटीतून गेला. गॉगल म्हणाला, शेठ, वाका. वाकलो.

काचेतून दिसत होतं, पुढे बहीण-भाऊ काहीतरी बोलून हसत होते. टायरचा आवाज फार आहे. एक शब्द ऐकू आला नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
गाडी किट काढायला दिली. किटमध्येच दोष असावा. मेहुणा आला, सोबत गेला. त्याला म्हटलं, टायरही बदलूनच आण. पायरी मात्र काढू नकोस म्हणालो. तो म्हणाला, बरं दाजी.

गाडी नाही म्हणून हिला बसने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चढताना हात दिला. तिने बराच वेळ सोडला नाही.

बसची पायरी नको तेवढी उंच आहे. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, शोधायला हवं.