भर दुपारचा अंधार

डहाणू,
ता. ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप वासुदेवदादास,

वसूचा साष्टांग नमस्कार. (राग तुझ्यावर नाही, म्हणून साष्टांग. दुसऱ्या कुणाला आज मी नुसते हातही जोडले नसते.) इकडे सगळे खुशाल, माझं डोकं सोडून. वहिनींचा गुडघा कसा आहे? अमरावतीच्या थंडीत धरत असेल, त्यांना म्हणावं अंगावर काढू नका. तुला रक्तदाब आहे, तेव्हा हे पत्र जेवण झाल्यावर, गोळी घेऊन वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘वसू, शांत हो’ म्हणतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तर मी नाट्यमंडळ सोडलं. परवा, विवळवेढ्याला, देवीच्या पायऱ्यांसमोर, सगळ्यांच्या देखत सोडलं. आता कसं आणि का, ते सांगते.

तू रेल्वेतून निवृत्त होऊन मुलाकडे जाताना मंडळाच्या दिव्यांचं तुझं काम, डिमरचा तो खोका, माझ्या हातात देऊन म्हणालास, शाळेत विज्ञान शिकवतेस, नाटकाचे दिवे काय जड आहेत तुला. दिवे जड नाहीत रे. जड आहे तो दर्शन. तुझ्या वेळी हा मुलगा पडदा ओढायचा आणि तोही उलटा, आता आमचा दिग्दर्शक आहे. पुण्याला दहा दिवसांचं शिबिर करून आल्यापासून त्याने जगाचे दोन भाग केले आहेत : कलाकार आणि टेक्निकल. दिवे टेक्निकल, नेपथ्य टेक्निकल, संगीत टेक्निकल, इस्त्री टेक्निकल, तालमीच्या खोलीत शिरणारं कुत्रं हाकलणं हेही टेक्निकल. आणि जे टेक्निकल ते सगळं ‘ताई, तुम्ही बघा’.

यंदा आमची एकांकिका ‘परतीची भरती’. नवरा होडी घेऊन गेलेला, बायको किनाऱ्यावर वाट बघते, पाऊण तास. दर्शनने त्यात अकरा वेळा अंधार लिहिला आहे. लेखकाने दोनदाच लिहिला होता, बाकीचे नऊ याचे. (दोन प्रवेशांच्या मधे काय करायचं ते सुचलं नाही की हा माणूस ‘अंधार’ लिहितो. अंधार करणारी बाई फुकट मिळाली आहे ना.) स्पर्धेची पहिली फेरी तलासरीला. सभागृह म्हणजे लग्नाचा हॉल आणि आमची वेळ दुपारी दीडची. मला विज्ञान येतं म्हणून मी दोन दिवस आधी शाळा सुटल्यावर स्वतः जाऊन हॉल बघितला. मोठ्या खिडक्या बावीस. पडदा एकही नाही. भिंतींना पिवळा ऑइलपेंट, तो एवढा चकचकीत की त्यात मला माझा चेहरा दिसला आणि तो तेव्हाच रागावलेला होता. मी तिथूनच दर्शनला फोन केला, म्हटलं दीड वाजता इथे दिवा लावला की विझवला हे दिवा हातात धरणाऱ्यालाही कळणार नाही, तुझे नऊ अंधार काढ. तो म्हणाला, अंधार हे या नाटकातलं पात्र आहे. मी म्हटलं, मग त्या पात्राला तालमीला बोलाव. तो हसला आणि म्हणाला, ताई, ते टेक्निकल आहे, तुम्ही बघा.

बघितलं. वर्तमानपत्रं लावून पाहिली, बातम्या उलट्या वाचता येतील एवढा उजेड आरपार आला. स्टेशनजवळच्या सगळ्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळून काळा कागद निघाला नऊ ताव. शेवटी स्पर्धेच्याच दिवशी उजाडताना धाकट्या डहाणूला गेले. कविता तांडेल तुला आठवणार नाही, तू गेल्यानंतरची. तिच्याकडून मी बोंबील घेते. तिच्याकडे आणि तिच्या शेजारणींकडे सुकी मासळी झाकायच्या जाड काळ्या ताडपत्र्या असतात. मी मागितल्यावर तिने नाटक कसलं, कुणाचं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “बाई, दव पडायच्या आधी पाहिजेत हां परत. माल वाळत घातलाय.” आणि घरोघर फिरून चौदा ताडपत्र्या आणून माझ्यापुढे टाकल्या.

सकाळी नऊला मी तलासरीत शिडीवर. छप्पन्नावं वर्ष चालू आहे, साडी खोचलेली, तोंडात सुतळी. पहिला प्रवेश आपल्या नविनचा (बँकेतला नविन, नवऱ्याची भूमिका), तो शिडीशेजारीच उभा राहून डोळे मिटून ‘आऽ ईऽ ऊऽ’ करत होता. शिडी हलली. मी म्हटलं, नविन, जरा धर रे. तर डोळे न उघडता म्हणतो, “वसूताई, मी आत्ता समुद्रात आहे.” दादा, त्या क्षणी मी वरून खाली काही टाकलं नाही, याची नोंद घे. बावीस खिडक्या मी एकटीने झाकल्या. मोठ्या ताडपत्र्या दोन-दोन खिडक्यांना पुरल्या. सव्वा वाजता दिवे बंद करून पाहिलं तर स्वतःचा हात दिसेना. असा अंधार तूसुद्धा कधी केला नाहीस, लहान तोंडी मोठा घास, पण खरं आहे. फक्त एक झालं. वर पत्रा, बाहेर ऊन, आत माणसं, आणि ताडपत्र्या तापल्या. पाच मिनिटांत अख्ख्या हॉलला सुकटीचा वास सुटला. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी रुमाल काढले. मी म्हटलं, मेलो. तर पडदा उघडला, रंगमंचावर होडी आणि जाळं दिसलं, आणि तिघांनीही माना डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं.

शेवटचा प्रवेश श्रुतिकाचा एकटीचा. (पोस्टातली श्रुतिका. मंडळात कामाला हात लावणारी माझ्याशिवाय ती एकच.) तिच्या तोंडावर एक दिवा, बाकी काळोख, आणि ती त्या नवऱ्याशी बोलते. चौथ्या वाक्याला वीज गेली. गावाचीच गेली. मी केलेल्या अंधारात मीच आंधळी. विंगेतून समुद्रात गेलेला नवरा “लाईट! लाईट!” असा ओरडला, दर्शन माझ्या कानाशी येऊन “ताई, काहीतरी करा, काहीतरी करा” असा जप करायला लागला. आणि श्रुतिका थांबली नाही, दादा. त्या मिट्ट काळोखात तिचा आवाज तसाच चालू, घाई नाही, थरथर नाही. ती आपल्यावर विसंबून बोलते आहे हे मला कळलं. माझ्या डाव्या हाताची तिसरी खिडकी. दोरी चाचपली, गाठ ओढली. ताडपत्री खाली कोसळली आणि दुपारचं ऊन तिरकं जाऊन तिच्यापासून हातभर अंतरावर पडलं. ती बोलता बोलता एक पाऊल त्या उन्हात आली. अर्धा चेहरा उजळला, अर्धा काळा. सहा वर्षांत मी जे दिवे लावले ते सगळे त्या एका खिडकीपुढे फिके. मी विंगेत उभी राहून रडले, हे कुणाला सांगू नकोस.

आमचा प्रयोग शेवटचा होता, निकाल चार वाजता लागला. मी कुठे होते? शिडीवर. कविताचा माल दवात भिजू नये म्हणून ताडपत्र्या सोडवत होते. आणि कानावर आलं, प्रकाशयोजनेचं प्रथम पारितोषिक, ‘परतीची भरती’, अखेरच्या प्रवेशातल्या नैसर्गिक प्रकाशाच्या योजनेबद्दल. मी चार पायऱ्या उतरेपर्यंत दर्शन मंचावर. मंडळाच्या वतीने म्हणे. ढाल छातीशी धरून त्याने माईक घेतला आणि सांगितलं की तो सूर्यकिरण त्याला तालमीच्या पहिल्या दिवसापासून दिसत होता. शिवाय एक परीक्षक म्हणाले, वासाचा एवढा धाडसी वापर आपण प्रथमच अनुभवला, तर त्यावरही याने नम्रपणे मान झुकवली! मग आभार. गुरूंचे, आईवडिलांचे, डहाणूच्या समुद्राचे, “आणि आमच्या टेक्निकल टीमचे.” टीम, दादा! मोजून एक बाई, तीही शिडीवर, तीही तोंडात सुतळी धरलेली.

परतताना टेंपो विवळवेढ्याला थांबवला, ढाल देवीच्या पायाशी ठेवायची म्हणून. तिथे मी उतरले आणि म्हटलं, “दर्शन, उद्यापासून तुझा सूर्य तू उगवत जा. मी मंडळ सोडलं.” तर तो म्हणतो, “ताई, टेक्निकल गोष्टीत तुम्ही इमोशनल होताय.” देवीचं दार होतं म्हणून मी पुढचं बोलले नाही. ताडपत्र्या उतरवून घेतल्या आणि जीपला हात केला. जीपवाल्याने नाक धरलं, म्हणाला मासळी नाय घेत. मी ओरडले, मासळी नाही ही, नाटकाचा अंधार आहे! तो बिचारा घाबरला असावा. त्याने मुकाट्याने मागचं दार उघडलं.

आता हे सगळं इथेच संपलं असतं तर मी सुखाने रागावून बसले असते. पण धाकट्या डहाणूला पोचायला मला उशीर झाला. दव पडायला लागलं होतं. कविताने घरातल्या चादरी आणि स्वतःच्या दोन साड्या मालावर टाकल्या होत्या. ताडपत्र्या पसरता पसरता तिने विचारलं, “बक्षीस लागलं?” मी म्हटलं, लागलं, पण घेतलं दुसऱ्याने, माझं नावसुद्धा घेतलं नाही मेल्याने. ती दगड ठेवत ठेवत म्हणाली, “मग माझं घेतलं का तुम्ही?”

दादा, तिने भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी दिवसभरात कविता तांडेल हे नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं, ‘ताडपत्र्यांची सोय झाली आहे’. झाली आहे! आपोआप! तिच्यासोबत दगड ठेवले आणि घरी आले. तेव्हापासून मी दर्शनवर दुप्पट रागावले आहे, कारण निम्मा राग माझ्यावरचा आहे आणि तो मला ठेवायला जागा नाही.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझी,
वसू

ता. क. दर्शनचा तुला फोन येईल. ‘वासुकाका, ताई रुसल्यात, तुम्हीच या’ म्हणेल, जाण्यायेण्याचं तिकीट काढतो म्हणेल. तुला नाही म्हणायचं आहे. कंबर दुखते म्हण, डोळ्यांना दिसत नाही म्हण, पण नाही म्हण. मी सोडलं असेल, पण याचा अर्थ जागा रिकामी झाली असा होत नाही.

ता. क. २. हे पत्र लिहिताना दर्शनच येऊन गेला. अंतिम फेरीत परीक्षकांना ‘तोच सूर्यकिरण’ बघायचा आहे आणि आमची वेळ संध्याकाळी सातची आहे. चेहरा पांढरा पडला होता मेल्याचा. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण समजा एखाद्या बाईला बारा फुटांवरून दुपारचं तिरकं ऊन पाडायचं असेल, तर दिवा कोणता आणि त्यावर जिलेटिन कागद कोणत्या रंगाचा? पिवळा की नारिंगी? उलट टपाली कळव. सतरा तारखेच्या आत.

ता. क. ३. हो म्हटलं. पत्रिकेत ‘प्रकाश : वसुमती चुरी’ आणि त्याखाली ‘अंधार : कविता तांडेल’ असं छापायचं, या अटीवर. दर्शन म्हणाला, सात वाजता अंधार असतोच की. मी कागद-पेन त्याच्यापुढे सरकवलं, तेव्हा लिहून घेतलं त्याने. कविता येणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे. तिने आजवर नाटक पाहिलेलं नाही. मला विचारत होती, तो होडीवर गेलेला शेवटी येतो का परत. मी सांगितलं नाही.